शिकलेल्या माशाची कावीळ

“डाक्टर सायब, थर्मामीटर कुटं लावायचा ह्येला?”

प्रश्न रास्त होता. गाई-म्हशीला थर्मामीटर कुठं लावतात हे धोंडिबाला चांगलं ठाऊक होतं. टाकव्याला त्याच्या मेव्हण्याची म्हैस मी तपासली, तेव्हा शेपूट वर धरून हाच उभा होता. आता आम्ही दोघं लोणावळ्याच्या एका बंगल्यात, दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीसमोर उकिडवे बसलो होतो. टाकीत अर्ध्या बोटाएवढा एक पिवळाधमक मासा होता. माझ्या हातातला थर्मामीटर त्या माशाच्या दुप्पट लांब होता.

“पाण्यात लावायचा,” मी म्हणालो. “जेवढं पाणी गरम, तेवढाच मासा गरम. त्याला स्वतःचा वेगळा ताप नसतो.”

“म्हंजी पान्याला ताप आलाय व्हय?”

मी थर्मामीटर पाण्यात धरला. पारा जागचा हलला नाही, कारण तो जनावराच्या तापासाठी केलेला असतो. कोमट पाणी त्याच्या खिजगणतीत नसतं. शेवटी बाही वर करून कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या मुलाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. पाणी ठीक वाटलं. माझं शास्त्र तिथं संपलं.

मी तेव्हा मावळ तालुक्याचा गुरांचा डॉक्टर होतो. दवाखाना वडगावला. लोक तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणत आणि पाठ वळली की ढोरडाक्टर. त्यात खोटं काही नव्हतं, त्यामुळे मला राग येत नसे. राग आला तो या माशाच्या केसचा. भातं कापून खळ्यावर आलेली, बैलांना क्षणाची उसंत नाही, आणि नेमकी अशा वेळी टाकव्याकडे लाळ-खुरकुताची साथ. लाळ-खुरकुत म्हणजे जनावराच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात, ते चरत नाही, चालत नाही, नुसतं लाळ गाळत उभं राहतं. मी सकाळ-संध्याकाळ खुरं धूत हिंडत होतो. तेवढ्यात पुण्याहून आमचे सुपरिंटेंडेंट साहेब इन्स्पेक्शनला आले आणि दवाखान्याच्या ओट्यावरच त्यांनी मला गाठलं.

“लोणावळ्याला एक पेशंट आहे. माझ्या ओळखीतले बॅरिस्टर आहेत, नानासाहेब, त्यांचा.”

“घोडा का सर?”

“मासा.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“मासा हा प्राणी आहे की नाही?”

“आहे सर.”

“तुम्ही प्राण्यांचे डॉक्टर आहात की नाही?”

“आहे सर. पण सर, कॉलेजात आम्हाला मासा नव्हता.”

“मग आता आहे,” साहेब म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. सरकारी खात्यात यापेक्षा जास्त कारण देण्याची पद्धत नाही. मी खुरकुताचं काम कंपाउंडरवर टाकलं, बॅग उचलली आणि पॅसेंजरनं लोणावळं गाठलं. वाटेत बॅगेत काय काय आहे ते आठवून पाहिलं: नाल काढायचा चिमटा, औषध पाजायची बांबूची नळी, पोटफुगीवरचं तेल. यातलं काहीही माशाला कुठं लावावं हे मला सुचेना.

हे नानासाहेब मुंबईचे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट ही. ते एका खटल्यासाठी विलायतेला गेले होते, येताना जर्मनीत थांबले आणि तिथून माशांची एक जोडी घेऊन आले. घराणं पक्कं मासेखाऊ. त्यांच्या आळीत लोक म्हणत, पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले, आता प्रायश्चित्त म्हणून पाळतायत. बोटीवर त्यांच्या पत्नी, माईसाहेब, मळमळून आडव्या झाल्या होत्या आणि नानासाहेब डब्यातल्या माशांना पंख्यानं वारा घालत बसले होते. हे मला पुढं खुद्द माईसाहेबांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा राग ताजा होता.

माशांची जात सिक्लिड. सिक्लिड हे मोठं खानदान आहे. त्यातले थोरले भाऊ वीत-वीत वाढतात, टाकीतली झाडं उपटतात, खडी उकरतात आणि शेजारी गिळतात. नानासाहेबांनी शहाणपणा केला तो एवढाच, की त्यातले बुटके निवडले. हे बोटभर लांबीचे. झाडं उपटत नाहीत, टाकीत गुण्यागोविंदानं राहतात, फक्त त्यांना लपायला बीळ लागतं आणि पाणी मऊ लागतं. मऊ पाणी म्हणजे ज्यात साबणाला पटकन फेस येतो आणि डाळ लवकर शिजते ते. लोणावळ्याचं पाणी तसं आहे, म्हणून टाकी मुंबईच्या घरी न ठेवता इथं ठेवलेली. लोखंडी चौकट, काचा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बसवलेल्या, तळाला दगडी पाटी आणि पाटीखाली रॉकेलची चिमणी, कारण हे मासे गरम मुलखातले आणि लोणावळ्याची थंडी माणसालाही सोसत नाही. बिळासाठी आत एक फुटकी कुंडी उपडी घातलेली होती.

हे सगळं बघायला धोंडिबा आणि त्याची बायको सखूबाई. दोघं बंगल्यामागच्या दोन खोल्यांत कित्येक वर्षं राहत होती. झाडलोट, बाग, राखण, आणि आता मासे. नानासाहेबांनी जाताना बजावलं होतं, “हे सिक्लिड आहेत. यांना जपायचं.” धोंडिबानं ऐकलं, ‘शिकलेलं’. तेव्हापासून तो त्यांना शिकलेलं मासं म्हणत असे आणि त्यांच्यापुढं विडी ओढत नसे.

“शिकल्यालं हायती म्हनून तर येवढं नखरं,” तो मला म्हणाला. “आपल्या इंद्रायनीच्या माशाला कुनी चिमनी लावून देतं का बुडाखाली?”

आता या शिकलेल्यांपैकी जी मादी होती, ती एकाएकी पिवळी पडली. आधी राखाडी होती, काही नजरेत न भरणारी. चार-सहा दिवसांपूर्वी सकाळी धोंडिबानं पाहिलं तर ही पिवळी, अंगावर काळे डाग, डोळ्यांत काळी रेघ, आणि खाणं-पिणं सोडून कुंडीच्या तोंडाशी बसलेली. धोंडिबा गेला धावत तारऑफिसात. “शिकल्याला मासा सिक हाय, कावीळ झालीया,” असं त्यानं सांगितलं. तारमास्तरला वाटलं, हा अडाणी माणूस सिक हा शब्द दोनदा बोलतोय. त्यानं एक सिक खोडला. कावीळ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला आठवेना, म्हणून तीही गाळली. नानासाहेबांना तार मिळाली ती एवढीच: फिश सिक. त्यावरून माझी स्वारी.

“कावीळच हाय ना सायब?” सखूबाई दारातून म्हणाली. “म्या उतरवायला घेतलीया.”

मी टाकीकडे नीट पाहिलं. टाकीच्या चौकटीला काड्यांची एक माळ अडकवली होती. आपल्याकडं कावीळ झालेल्याच्या डोक्यावर वनस्पतीच्या काड्यांची माळ घालतात. ती दिवसागणिक सैल होत लांबते, गळ्यात उतरते, आणि माळ उतरली की कावीळ उतरली असं समजतात. माशाच्या डोक्यावर माळ राहीना, म्हणून सखूबाईनं ती टाकीच्या डोक्यावर घातली होती. माळ लांबून अर्ध्या काचेवर आली होती. मादी मात्र कालच्यापेक्षा जास्त पिवळी होती.

“आणि खायला काय देता?”

“पथ्य हाय. किडं बंद केलं. गरम पडत्यात. साळीच्या लाह्या चुरून देतीया. तेल न्हाई, हळद न्हाई.”

टाकीच्या पाण्यावर लाह्यांचा थर तरंगत होता, खाली बुडालेल्या लाह्या कुजून पाणी ताकासारखं झालं होतं. आणि सखूबाईच्या हातात एक वाटी होती.

“ते काय?”

“चुन्याची निवळी. वैदूनं सांगितलंय, आज टाकीत वतायची. मग पानी पिवळं व्हतं आन्‌ कावीळ त्यात उतरती.”

मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेर अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मऊ पाण्यातल्या माशाला चुना म्हणजे काय होईल ते सांगायला मासेतज्ज्ञ लागत नाही. वाटी मी स्वतः नेऊन परसात ओतली. सखूबाई गाल फुगवून बसली. तिचं म्हणणं, तुमी खुराला औषध लावता, तवा आमी कदी मधी बोलतो का.

“सायब,” धोंडिबा हळू आवाजात म्हणाला, “उद्याच्याला नानासायब येनार. परवा त्येंचा दोस्त येनार हाय मासं बघाया. त्येंनी बजावलंय, जोडी जशीच्या तशी पायजे. येक जरी कमी झाला तरी धोंडिबा, सामान बांधायचं. आन्‌ जोडी फोडायची न्हाई, दुसऱ्या भांड्यात बी ठिवायची न्हाई. आता ही बाई मेली तर आमी कुटं जावं? टाकव्याला वाटनी हुन बसलीया, माज्या वाट्याला बांदसुदिक न्हाई.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हसण्यासारखं सगळं समोर होतं, पण त्याच्याकडे बघून हसू येईना. मला तो माणूस आवडत असे. म्हशीची शेपूट शेवटपर्यंत धरून ठेवणारे लोक फार थोडे असतात.

मी परत टाकीसमोर बसलो. औषध ठाऊक नाही तेव्हा नुसतं बघत बसायचं, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं पण गोठ्यात शिकायला मिळालं. पिवळी मादी कुंडीच्या तोंडाशी होती. मरायला टेकलेलं जनावर कसं दिसतं ते मला माहीत आहे. ते ढिलं पडतं, नजर सुटते. ही तशी नव्हती. ही एखाद्या फौजदारासारखी गस्त घालत होती. मध्येच बाणासारखी सुटली, टाकीच्या वरच्या कोपऱ्यात गेली, तिथल्या पानामागं काहीतरी हाणलं आणि परत कुंडीशी आली.

“वर काय आहे?”

“त्यो नर. त्यो बरा हाय. त्यो काय पिवळा न्हाई.”

मी उभा राहून पाहिलं. तिच्या दुप्पट आकाराचा नर, पण त्याची दशा! शेपटी फाटलेली, पाठीवरचा पर चिंध्या झालेला, रंग उडालेला. पानाआड नाक वर करून तो कसाबसा लटकत होता. मी बघत असतानाच बाईसाहेब पुन्हा आल्या, पुन्हा एक दणका दिला, पुन्हा गेल्या.

“धोंडिबा, हा बरा आहे म्हणतोस?”

“त्यो येका कोपऱ्यात असतोय. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे मी रोज बघत होतो. व्यालेली म्हैस असंच करते. रोज धार काढणाऱ्या मालकालासुद्धा पहिले दोन दिवस जवळ येऊ देत नाही. मी बॅटरी मागवली, पोटावर आडवा झालो आणि काचेतून कुंडीच्या आत झोत टाकला. आत, जमिनीलगत, मोहरीएवढ्या ठिपक्यांचा एक पुंजका वळवळत होता. प्रत्येक ठिपक्याला केसाएवढी शेपटी होती.

“धोंडिबा, हिला कावीळ नाही. ही बाळंतीण आहे.”

सखूबाईनं रुसवा सोडला आणि काचेला नाक लावलं. “आगं बया! आन्‌ मी हिला पथ्याच्या लाह्या घालतीया!”

पिवळा रंग हा तिचा बाळंतपणातला रंग. दुसऱ्यांना सांगण्यासाठी असतो, लांब राहा म्हणून. मोठ्या तलावात नर निमूटपणे लांब जातो. या टाकीत लांब जायला जागा नव्हती, म्हणून बिचारा कोपरा धरून मार खात होता. म्हणजे पेशंट ती नव्हतीच. पेशंट हा होता, आणि त्यानं आजची रात्र काढली असती की नाही याची मला शंका होती.

आता पंचाईत. त्याला टाकीत ठेवावा तर मरतो, मग सामान बांधायचं. बाहेर काढावा तर जोडी फुटते, तरी सामान बांधायचं. धोंडिबानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं.

“काढू या,” मी म्हणालो. “मेलेल्या माशापेक्षा फुटलेली जोडी बरी. नानासाहेबांना मी सांगतो.”

भांडं कुठलं? तांब्या-पितळेचं माशाला विषासारखं, एवढं मला नानासाहेबांच्या सूचनांतून धोंडिबानं सांगितलं होतं. सखूबाईनं स्वयंपाकघरातून मुरांब्याची रिकामी चिनी मातीची बरणी आणली. कढत पाण्यानं घासून घासून धुतली. टाकीतलंच थोडं स्वच्छ पाणी गाळून आत घेतलं. आता नर धरायचा. चहाची गाळणी घेऊन मी पाण्यात हात घातला मात्र, बाळंतीण माझ्या बोटावर धावून आली आणि तिनं चावा घेतला. रक्त वगैरे काही नाही, पण दचकून मी गाळणी सोडली. बैलांच्या लाथा खाल्ल्यात, घोड्यानं दंड धरलाय. माशानं चावलेला आमच्या खात्यातला पहिला डॉक्टर बहुधा मीच. दुसऱ्या खेपेला धोंडिबानं पानाच्या काडीनं तिचं लक्ष वळवलं आणि मी नर उचलला. बरणीत घातला. उडी मारू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलं, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं, आणि ऊब मिळावी म्हणून बरणी चुलीजवळच्या फळीवर ठेवली. मग आम्ही तिघांनी मिळून टाकीतल्या लाह्या उपसल्या, कोमट केलेलं ताजं पाणी हळूहळू भरलं. माळ तेवढी सखूबाईनं काढू दिली नाही. म्हणाली, असू द्या, कुनाच्या तरी कामाला यील.

मी रात्री तिथंच राहिलो. नानासाहेबांना सांगायचं कबूल केलं होतं, आणि खरं म्हणजे नर जगतो का याची मला उत्सुकता लागली होती. सकाळी फडकं सोडून पाहिलं तर तो बरणीच्या तळाशी नीट बसला होता आणि मी टाकलेला डासाचा किडा त्यानं मटकन खाल्ला. मला झालेला आनंद कुठल्याही म्हशीनं दिला नव्हता.

नानासाहेब आणि माईसाहेब दुपारच्या गाडीनं आले. नानासाहेब उंच, काळा कोट, कोर्टात शिरल्यासारखे घरात शिरले. माईसाहेब ठेंगण्या, ठसठशीत कुंकू, थेट स्वयंपाकघराकडं वळल्या. नानासाहेब टाकीसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

“ही कोण?”

“मादी, साहेब,” मी म्हणालो.

“माझी मादी राखाडी होती. ही पिवळी आहे. आणि नर कुठाय?” त्यांनी धोंडिबाकडं वळून आवाज चढवला. “माझी जर्मन जोडी विकून इथं ओढ्यातला कुठला तरी पिवळा मासा आणून सोडलास? वर माळ घालून सत्कार केलास त्याचा?”

“न्हाई सायब, आईच्यान् न्हाई! शिकल्यालंच हाय त्ये!”

“सामान बांध.”

मी मध्ये पडलो, पण नानासाहेब आधी माझी उलटतपासणी घ्यायला लागले.

“तुम्ही मत्स्यतज्ज्ञ आहात?”

“नाही.”

“यापूर्वी किती मासे हाताळलेत?”

“खाल्लेले धरून, की सोडून?”

हे मी चेष्टेनं म्हटलं नव्हतं. घाबरलो होतो, तोंडातून गेलं. नानासाहेबांच्या कपाळाची शीर उडायला लागली. धोंडिबा मान खाली घालून मागच्या खोलीकडं निघाला होता आणि सखूबाई खांबाला धरून रडत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून माईसाहेबांची किंकाळी आली.

“अगं बाई! हा मासा कुणी मुरवायला ठेवला?”

त्या बरणी पोटाशी धरून बाहेर आल्या. दादरा सुटलेला. आत नर गोल गोल फिरत होता. “मी म्हटलं, सखूनं लिंबाचं घातलंय. एवढासा मासा! दाताला तरी लागेल का?”

नानासाहेबांनी बरणी हिसकावून घेतली. आपला नर त्यांनी ओळखला. विकला नाही एवढं पटलं, पण त्यानं राग कमी झाला नाही, नुसता दुसरीकडं वळला.

“म्हणजे जोडी फोडलीत! माझी स्पष्ट सूचना असताना!”

“साहेब, मादीला पिल्लं झालीत. ती त्याला जिवे मारत होती. शेपटी बघा त्याची.”

“नवरा-बायकोत थोडंफार चालायचंच. एकत्र राहिले की होतं सगळं नीट.” असं म्हणून ते बरणी घेऊन टाकीशी गेले आणि तिरकी करायला लागले. धोंडिबा दारातून ओरडला, “सायब, नगा!” नानासाहेबांनी ऐकलं नाही.

“खबरदार ओताल तर!”

हा आवाज माईसाहेबांचा होता. नानासाहेबांचा हात तिथल्या तिथं थांबला.

“बाळंतिणीच्या खोलीत नवरा कुठल्या घरी ठेवतात हो? माझी चार बाळंतपणं माहेरी झाली. बारशापर्यंत तुम्हाला कुणी उंबरा ओलांडू दिला होता? माझ्या आईनं तुम्हाला ओसरीवरून चहा देऊन परत पाठवलं होतं, ते विसरलात? हिला बिचारीला कुठलं माहेर! जर्मनीहून आणलीत, डब्यात घालून. माहेर नाही, म्हणून तिनं नवऱ्यालाच घराबाहेर काढलं. त्यात तिचं काय चुकलं? आणि तिचं दुखणं ओळखून ज्यांनी तुमच्या नराचा जीव वाचवला, त्यांना तुम्ही सामान बांधायला सांगताय?”

हायकोर्टात ज्यांच्यापुढं भले भले गप्प होत, ते नानासाहेब हातात मुरांब्याची बरणी घेऊन तसेच उभे होते.

सखूबाईनं तेवढ्यात नाक पुसत टाकीकडं बोट केलं. पिवळी मादी कुंडीतून बाहेर आली होती. तिच्या मागं, पुढं, पोटाखाली, धुरळ्यासारखी बारीक पिल्लं. ती थांबली की सगळी थांबत, ती हलली की सगळी हलत. एक जरा लांब गेलं तर तिनं ते तोंडात धरून परत घोळक्यात थुंकलं. नानासाहेब गुडघ्यांवर बसले. चष्मा काचेला टेकला. मग बरणी दोन्ही हातांनी, सांभाळून, माईसाहेबांच्या हातात दिली.

“धोंडिबा.”

“जी सायब.”

“सामान सोड.”

धोंडिबा मटकन खाली बसला आणि त्यानं टाकीलाच हात जोडले. सखूबाई मात्र लगेच कामाला लागली. बाळंतीण म्हटल्यावर तिला पुढचं सगळं पाठ होतं; निखाऱ्यावर ओवा टाकून टाकीला धुरी द्यायची तिची तयारी मी कशीबशी थांबवली. डिंकाच्या लाडवावरून आमची बरीच वादावादी झाली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या दोस्ताला नानासाहेबांनी पिल्लं दाखवली, आणि जोडी योग्य वेळी वेगळी करणं ही खरी कला कशी आहे यावर त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. ते मी निमूटपणे ऐकून घेतलं. महिन्याभरानं पिल्लं मोठी झाली, मादी पुन्हा राखाडी झाली, नराचे पर भरून आले आणि त्याला सन्मानानं घरी सोडण्यात आलं. धोंडिबा पुढं मासे पाळण्यात इतका मुरला की मादीवर पिवळी झाक आली रे आली की बरणी घासायला घेत असे. तो आणि सखूबाई त्या दोन खोल्यांतच म्हातारी झाली. नानासाहेबांनी एखाद्यावर आवाज चढवला, की माईसाहेब आतून शांतपणे म्हणत, “सखू, बरणी आण गं.”

खात्यात मात्र माझं नुकसान झालं. नानासाहेबांनी सुपरिंटेंडेंट साहेबांना माझी तोंडभरून स्तुती लिहिली. त्यानंतर लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतले पोपट, कासवं आणि एक मोर असे सगळे माझ्या गळ्यात पडले, आणि खुरकुताच्या साथीत मी कुणाच्या तरी पोपटाचा घसा बघत असायचो. आपल्याला न येणारं काम नोकरीत एकदा नीट करून दाखवलं, की जन्मभर ते आपल्याच टेबलावर येतं.

त्या केसमधून धंद्याचं एवढंच शिकलो: पेशंट म्हणून आपल्याला जो दाखवतात, त्याच्यावरून आधी नजर काढावी आणि कोपऱ्यात गप्प बसून कोण मार खातोय ते बघावं.